फॅमीस्टुडिओ: ड्रॉपसाठी नव्हे, सोलण्यासाठी

आधीच सांगून टाकते: फॅमीस्टुडिओमध्ये डान्स ट्रॅक बनवायला बसाल तर तासाभरात वैतागाल. सॉफ्टवेअर वाईट आहे म्हणून नाही, ते त्या कामाचंच नाही म्हणून. निंटेंडोच्या जुन्या आठ-बिट कन्सोलसाठी, म्हणजे १९८३ चा फॅमिकॉम आणि जपानबाहेर आलेला त्याचा भाऊ एनईएस यांच्यासाठी, संगीत लिहायचा हा एडिटर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतो. मी मात्र तो उलट्या कामाला लावते. संगीत लिहायला नाही, लिहिलेलं सोलायला. लाडक्या गेमची धून घ्यायची, भाजीवाली कांद्याची पात सुटी करते तसे तिचे थर सुटे करायचे आणि मग ते नेहमीच्या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये नेऊन त्यांच्याभोवती किक (ड्रमचा जाड ठोका), बेस आणि ड्रॉप (चढण संपून ट्रॅक पूर्ण ताकदीने कोसळतो ती जागा) उभा करायचा. हा रिव्ह्यू तेवढ्याच कामापुरता आहे.

याआधी माझी भिस्त स्टेम, म्हणजे गाण्यातले गायक, ड्रम, बेस असे थर, वेगळे करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेवर होती. नाव घेत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. माणसांनी गायलेल्या गाण्यांवर ती छान चालायची. पण आठ-बिट धुनेत गायक नसतो, ड्रम म्हणजे खरखरीचे फटके, बेस म्हणजे एक ट्रँगल लहर. बिचारीने लीडचा, म्हणजे मुख्य चालीचा, निम्मा भाग ‘गायक’ म्हणून बाजूला काढला आणि उरलेला बेसच्या फाइलमध्ये ढकलला. किक टाकल्यावर सगळा चिखल.

फॅमीस्टुडिओला असा अंदाज बांधावाच लागत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. गेमचं संगीत एनएसएफ नावाच्या फाइलमध्ये मिळतं. हे रेकॉर्डिंग नसतं. गेममधला संगीत वाजवणारा मूळ कोड आणि त्याचा डेटा, दोन्ही उचलून तिच्यात ठेवलेले असतात. फॅमीस्टुडिओ तो कोड आत चालवतो आणि साउंड चिपला दर फ्रेमला काय हुकूम गेले ते टिपून घेतो. चिपला चॅनेल पाचच: दोन पल्स (चौकोनी लहर), एक ट्रँगल (त्रिकोणी लहर), एक नॉइज (खरखर) आणि छोटे सॅम्पल वाजवणारं डीपीसीएम. त्यामुळे वेगळं करण्याचा प्रश्नच उरत नाही. मुळात ते वेगळंच होतं, आपल्या कानापर्यंत येताना एक झालं.

फाइल उघडताना कोणतं गाणं आणि किती सेकंद, एवढं विचारलं जातं. गाणं समोर येतं आणि डोळे फिरतात. जिथे एक लांब, ऐटबाज स्वर दिसायला हवा तिथे व्हॉल्यूमच्या बारीक पायऱ्यांची रांगच रांग. संगीतकाराने वाद्य कसं घडवलं होतं, त्याचा आवाज कसा चढत-उतरत होता, याची कल्पना फॅमीस्टुडिओला नसते. त्याला चिपपर्यंत पोचलेले आकडे तेवढे दिसतात. टेम्पोही तो ओळखत नाही. ही गोष्ट त्याच्या माहितीपत्रकातच सरळ लिहिलेली आहे, त्यामुळे फसवलं असं म्हणता येणार नाही. पण पहिल्यांदा बघणाऱ्याने कपाळाला हात लावला तर नवल नाही.

टेम्पोचं गणित मात्र एकदा डोक्यात बसलं की मजा येते. चिप सेकंदाला सुमारे ६०.१ फ्रेमच्या ठेक्यावर चालते आणि बहुतेक गेममध्ये स्वराची लांबी पूर्ण फ्रेममध्येच मोजलेली असते. एक सोळांश (पाव बीट) ६ फ्रेमचा असेल तर बीट २४ फ्रेमचा, म्हणजे १५० बीपीएम (मिनिटाला १५० बीट). ७ फ्रेमचा असेल तर १२९ च्या जरासं खाली, ५ चा असेल तर १८० च्या जरासं वर. सरळ मोजणीत मधलं काही मिळतच नाही. हाउस (क्लबमधल्या डान्स संगीताचा एक प्रकार) करणाऱ्यांनी लक्षात घ्या: ७ फ्रेमवाल्या धुना तुमच्या १२८ च्या दारात आयत्या येऊन उभ्या असतात.

आता खाचखळगा. ६ फ्रेमवाली धून नेमकी १५० ची नसते, १५०.२५ च्या आसपास असते. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटतं. म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट १५० वर ठेवून मूळ आवाजाची फाइल टाकून बघा. मिनिटभरात पाव बीटचा फरक पडतो, म्हणजे एक अख्खा सोळांश. सुरुवातीला किकवर नेमकं बसणारं लीड दुसऱ्या ड्रॉपपर्यंत दुसऱ्याच खोलीत वाजत असल्यासारखं ऐकू येतं. प्रोजेक्टचाच टेम्पो १५०.२५ करायचा आणि ताणाताणी करणारी सगळी सोय बंद ठेवायची. पल्स लहरीला ताणलं की तिच्या कडा बोथट होतात, आणि त्या कडांसाठीच तर आपण तिला घेतलेलं असतं.

मी सध्या जी धून करते आहे ती एका जुन्या ॲक्शन गेमच्या शेवटच्या टप्प्याची. नाव परवानगीचं मिटल्यावर. तिच्यात तीन गोष्टी अशा सापडल्या की त्या नुसत्या कानाने मला कधीच कळल्या नसत्या.

पहिली म्हणजे इको. दुसरं पल्स चॅनेल बराच वेळ पहिल्याचीच ओळ वाजवतं, थोडं उशिरा आणि हळू. यंत्रात इको नव्हता, म्हणून एक अख्खं चॅनेल खर्चून तो हाताने लिहिलेला. आपण रीमिक्समध्ये लीडवर आपला डीले (इकोचा इफेक्ट) लावतो आणि खाली हा जुना इको तसाच ठेवतो, मग लीड गढूळ का वाटतं म्हणून इक्वलायझर फिरवत बसतो. दुसऱ्या चॅनेलमधला तो भाग पुसला आणि ब्रेकडाउनमध्ये (ड्रम थांबतात त्या शांत भागात) एकदम हवा आली.

दुसरी म्हणजे बेस. ट्रँगल चॅनेलला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, ते एक तर वाजतं नाही तर गप्प बसतं. आणि याच चॅनेलकडून टॉमचे ठोकेही वाजवून घेतलेले: स्वर झर्रकन खाली घसरतो आणि ‘डुम्’ होतं. तेवढा वेळ बेस थांबतो, आणि कानाला पत्ताही लागत नाही. पियानो रोलमध्ये (स्वर रेघांनी दाखवणाऱ्या पटलावर) मात्र बेसच्या ओळीत मधेमधे उतरत्या रेघा स्पष्ट दिसतात. त्या न काढता तुम्ही हा थर सिंथच्या (सिंथेसायझरच्या) सब-बेसला, म्हणजे अगदी खालच्या घुमाऱ्याला, दिलात, तर दर चार बारांनी स्पीकर उचकी देतो.

तिसरी माझी लाडकी. धुनेच्या मध्यावर एक चकाकणारा, थरथरता आवाज आहे. मी इतकी वर्षं त्याला एक वेगळंच वाद्य समजत होते. उघडून बघते तर तीन स्वर एकामागून एक, दर फ्रेमला एक, म्हणजे तिघांची फेरी सेकंदाला वीस वेळा. एकाच चॅनेलमधून कॉर्ड वाजवल्याचा भास. मिडीत, म्हणजे आवाज नसून फक्त स्वरांची नोंद असलेल्या फाइलमध्ये, हे गारांच्या माऱ्यासारखं उतरतं, तसंच ठेवलं तर कुठलाही सिंथ गुदमरतो. मी ते तिन्ही स्वर उभे एकत्र केले आणि सुपरसॉला (डान्स संगीतातल्या जाड, भरलेल्या सिंथ आवाजाला) दिले. ड्रॉपची कॉर्ड तिथेच तयार. धुनेबाहेरचं एक अक्षर न घालता! इथे रीमिक्सवाल्यांवर होणारा ‘आयत्या बिळावर नागोबा’ हा आरोप मला अंशतः मान्य आहे, पण बीळ किती सुबक खणलंय हे तरी नागोबाने बघावं.

एक्स्पोर्टबद्दल. प्रत्येक चॅनेलची वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल निघते, मिडीही निघते. मी दोन्ही घेते. लीड, कॉर्ड आणि बेस मिडीतून, कारण तिथे मला आवाज बदलायचा असतो. नॉइज मात्र कायम डब्ल्यूएव्ही. तो मिडीत नेला की निरर्थक स्वर होतात, आणि खऱ्या नॉइजमध्ये जी वाळू आहे ती आधुनिक हाय-हॅटच्या खाली दबक्या आवाजात ठेवली की ट्रॅक लगेच ‘गेमचा’ वाटतो. मिडी स्वच्छ करायचं काम कंटाळवाणं आहे. तुटके स्वर जोडा, लांबी सरळ करा, भुतासारखे उरलेले बारके स्वर पुसा. फॅमीस्टुडिओमध्ये याला एखादं बटण असतं तर मी त्याच्या निर्मात्याला दुवा दिला असता. पण खरं सांगायचं तर धून तोंडपाठ होते ती याच कामात.

मूळ पल्स आणि नवा सिंथ एकावर एक चढवणार असाल तर वरच्या सप्तकात जपा. चिप स्वराची उंची पूर्णांकातच ठरवते. खाली ते चालून जातं, पण वर जाल तसा दोन शेजारच्या आकड्यांमधला फरक मोठा होतो. अगदी वरचा सी, म्हणजे सातव्या सप्तकातला, घेतला तर चिपला देता येणारा सर्वांत जवळचा स्वर जवळपास १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा पडतो. एकटा असताना हे गोड लागतं. शेजारी नेमका सुरात असलेला सिंथ आला की दोघं एकमेकांना घासायला लागतात. मी अशा जागी सिंथलाच किंचित चढवते. चिपला सुरात आणायला गेलं की तिचा बाणाच जातो.

साइडचेनबद्दल (किक वाजताना बाकीचा आवाज आपोआप दाबण्याबद्दल) लांबण लावत नाही. ट्रँगलचा बेस जन्मभर एकाच आवाजात वाजलेला असल्यामुळे किकच्या प्रत्येक ठोक्याला तो खाली दबून वर येतो तेव्हा परिणाम फार साफ दिसतो. तो मोनोच ठेवा.

धाकट्या भावाने हे गेम माझ्यापेक्षा जास्त खेळलेत. पहिला मसुदा ऐकून तो म्हणाला, “ताई, ड्रॉप भारी आहे, पण धून परत सुरू होते तिथला तो अर्धा श्वास तू खाल्लास.” बरोबर होतं त्याचं. लूप पुन्हा सुरू होण्याआधी मूळ रचनेत एक रिकामी जागा आहे आणि मी तिथे नॉइजचा चढता सूर भरला होता. लाडक्या धुनेत लोक अशा जागा गुणगुणतात, स्वर नाही.

लिहिण्यासाठी मी हे सॉफ्टवेअर अगदीच वापरत नाही असं नाही. मूळ कार्ट्रिजमध्ये जादा चिप घालून चॅनेल वाढवायची रीत होती, आणि त्या जादा चिपही इथे मिळतात. कोनामीची व्हीआरसी६ घेतली की आणखी दोन पल्स आणि एक सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर) हाती येतं. ही चिप १९८९ च्या ‘आकुमाजो देन्सेत्सु’ या जपानी गेममध्ये होती. आठ-बिटमधलं सॉटूथ आजच्या डान्स सिंथच्या घराण्यातलंच, जरा खरखरीत. ब्रेकडाउनमध्ये चार बार त्याच्यावर लिहून घेतले आणि फिल्टर उघडत उघडत त्यातून मोठ्या सुपरसॉमध्ये शिरले. शिवण दिसत नाही.

गेमचं संगीत आणि क्लबचं संगीत यांची अशी मोट बांधणं म्हणजे काहीतरी ओढून ताणून केलेलं, असं म्हणणारे भेटतात. त्यांना युझो कोशिरोने १९९१ च्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ला दिलेलं संगीत ऐकवावं. हाउस आणि टेक्नो तिथे आधीच येऊन बसलेत. फक्त तो गेम सेगाच्या मेगा ड्राइव्हचा. ती चिप वेगळी, फाइलही वेगळी, त्यामुळे ही धून सोलायला फॅमीस्टुडिओ उपयोगाचा नाही. सुपर निंटेंडोचंही तेच, तिथे सगळा कारभार सॅम्पलचा. गेम बॉयवाल्यांनीही दुसरं दार बघावं. खरेदीआधी, म्हणजे इथे डाउनलोडआधी, आपली धून कोणत्या यंत्राची आहे एवढं बघून घ्या.

आणि हक्कांचं. मिडीतून निव्वळ स्वर घेतले, एकही मूळ आवाज वापरला नाही, तरी रचना ज्यांची आहे त्यांचीच राहते. नियम देशागणिक बदलतात. जशीच्या तशी चाल पुन्हा वाजवणं आणि ती मोडून नवी बांधणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात, आणि ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत) रीमिक्स हटकून दुसऱ्या खान्यात पडतो. ट्रॅक विकायचा असेल तर परवाना किंवा परवानगी आधी. माझा अर्ज गेलाय. उत्तर येईपर्यंत मास्टरिंग उरकून घेते, कारण नॉइजच्या त्या वाळूने लिमिटर (आवाजाची टोकं रोखणारं साधन) अजून दर ड्रॉपला कुरकुरतोय.