लांबलचक लेख शोधून वाचण्याची सवय: आठ महिन्यांनंतर

फोन जे पुढ्यात टाकेल ते निमूट वाचायचं नाही, असं आठ महिन्यांपूर्वी ठरवलं. त्यासाठी तीन गोष्टी लावून घेतल्या: निवडक लेख पाठवणारी दोन न्यूजलेटर्स, एक आरएसएस रीडर (आपण निवडलेल्या साइटवरचं नवं लेखन एका जागी आणून देणारं साधन) आणि लेख साठवायचं एक ॲप. आता सवय बऱ्यापैकी मुरली आहे, तेव्हा खरं काय ते सांगते.

न्यूजलेटर्सपासून सुरुवात. त्यातलं लाँगरीड्स २००९ मध्ये ट्विटरवरच्या एका हॅशटॅगमधून निघालं; दुसरं न्यूजलेटर, ब्राउझर, त्याच्याही आधीचं. दोन्हीकडे निवड माणसं करतात आणि हा लेख का घेतला तेही थोडक्यात लिहितात. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे टिपणच. एका संपादकाची आणि माझी आवड जुळते हे दोनेक महिन्यांत लक्षात आलं. तेव्हापासून मी मथळ्याआधी लेख कोणी सुचवलाय ते बघते. कुरकुर एवढीच, की इंग्रजीतल्या अशा याद्यांमध्ये अमेरिकेचाच भरणा फार.

आरएसएसमध्ये मात्र माती खाल्ली. उत्साहात मासिकंच्या मासिकं जोडली आणि आठवड्याभरात न वाचलेल्यांचा आकडा तीनशेवर गेला. शेवटी सगळं उडवलं आणि फक्त चौदा लेखकांचे फीड ठेवले. त्यातले काही जण दोन-दोन महिने काहीच लिहीत नाहीत. लिहिलं की सापडतं, बास.

साठवणीचं ॲप मध्येच बंद पडलं. आता कोणतंही ॲप कायमचं नसतं, हे २०१३ मध्ये गूगलचा आरएसएस रीडर, गूगल रीडर, गेला तेव्हाच कळायला हवं होतं. जाता जाता त्यांनी माझ्या लिंकांची फाइल दिली. मोजल्या, तर ६४० भरल्या. वाचलेले लेख फार तर चाळीस! म्हणजे इतके दिवस मी वाचत नव्हते, नुसती वेचत होते. ती फाइल मी पुन्हा उघडलेली नाही, आणि गंमत म्हणजे त्यातलं काहीच आठवून हळहळही वाटत नाही.

खरं घबाड हाती लागलं ते पुरस्कारांच्या जुन्या याद्यांत. अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्कारांत फीचर लेखनाचा (बातमीपलीकडच्या सविस्तर लेखांचा) विभाग १९७९ मध्ये सुरू झाला. पहिला मान बाल्टिमोरच्या ईव्हनिंग सन या वृत्तपत्रातल्या जॉन फ्रँकलिन यांच्या लेखाला मिळाला. विषय मेंदूवरची एक शस्त्रक्रिया. सर्जन पहाटे उठतो, वॉफल खातो, पण कॉफी घेत नाही, कारण कॉफीने हात थरथरतात. पुढे काय पणाला लागलंय ते एवढ्यावरूनच कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातल्या कपाकडेही मी जरा संशयाने पाहिलं. मग वर्षावार याद्या धरून वाचत सुटले. जुना लेख आजही धरून ठेवत असेल, तर त्याची चाळणी काळानेच केलेली असते. माझे कष्ट वाचतात.

वैयक्तिक निबंधांचं प्रकरण अवघड. तिथे मथळाच सगळं दुःख सांगून मोकळा होतो आणि आत नवीन काही उरत नाही. माझी कसोटी साधी आहे: तिसऱ्या परिच्छेदापर्यंत लिहिणाऱ्याने स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाकडे नीट पाहिलंय का? आईच्या आजारावर लिहिताना आई औषधाच्या गोळ्या कशा मोजते हे दिसलं, तर मी शेवटपर्यंत जाते. नुसताच ‘मला काय वाटलं’ असेल तर बंद करते. या कसोटीत एखादा चांगला लेख सुटतही असेल. सुटू दे.

सध्या नव्या ॲपमध्ये अकराच लेख आहेत. बारावा टाकायचा तर आधी एक वाचायचा किंवा काढायचा. ब्राउझरची वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय, ती पुन्हा भरणार आहे. दुसऱ्या कुठल्या न्यूजलेटरची भर मात्र इतक्यात नको.