फुकट रजिस्ट्रेशन आणि 17,700 रुपयांचा दंड

आधी आकडे सांगून टाकते. 5,900, मग 8,260, मग 3,540. एकूण 17,700 रुपये, डेटा एन्ट्रीच्या खोट्या कामात गेलेले. तीन वेळा, माझ्याच बोटाने, माझाच पिन टाकून. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि "आजी, ओटीपी कोणाला सांगू नकोस हं" असं महिन्यातून दोनदा बजावणारी घरातली मीच.

व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, मग "प्रीपेड टास्क"साठी पैसे भरा, हे प्रकार आता इंदुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतात. तसले नंबर मी न वाचता ब्लॉक करते. माझं म्हणणं एवढंच आहे की मला या डेटा एन्ट्रीवाल्यांनी आधी एक पैसा मागितला नव्हता. "पैसे मागितले की समजायचं फ्रॉड" हेच सगळे शिकवतात ना? मग जो मागतच नाही त्याला काय समजायचं?

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी पुढे ढकललेला मेसेज होता. घरबसल्या डेटा एन्ट्री, रजिस्ट्रेशन फ्री. पाच दिवसांत 500 फॉर्म, फॉर्ममागे 30 रुपये, म्हणजे 15,000. अचूकता 90 टक्के हवी. मला सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचा होता. दादाच्या जुन्या लॅपटॉपवर इंग्रजी 'ई'चं बटण अडकतं, एकदा दाबलं की कधी दोन येतात, कधी एकही नाही. हे बटण लक्षात ठेवा, माझ्या मूर्खपणाचं अर्धं कारण तेच आहे.

फोनवर एक मॅडम होत्या, अगदी गोड बोलणाऱ्या. आधार, फोटो आणि कोऱ्या कागदावर सही, तिन्हीचे फोटो मागवले. तासाभरात "अ‍ॅग्रीमेंट" आलं, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, खाली माझीच सही चिकटवलेली.

इथे थांबते, कारण रात्री झोप येत नाही तेव्हा मी इथेच येऊन थांबते. त्या स्टॅम्पपेपरवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. विकत घेणाऱ्याच्या नावावर पांढरी पट्टी होती. मी ते पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. आणि मनात म्हटलं, मोठी कंपनी आहे, गठ्ठ्याने घेऊन ठेवत असतील. बाबांना दाखवायला आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत जायचं होतं, बारा पावलं. गेले नाही, कारण 15,000 हातात आल्यावर सांगू, असा तोरा होता.

संक्रांतीचा आठवडा. घरात तिळगुळाचे लाडू वळणं चाललेलं, गच्चीवर पतंग, आणि मी रात्री दोनपर्यंत फॉर्म भरतेय. फॉर्म म्हणजे धुरकट फोटो, नाव-पत्ता वाचायला डोळे फोडावे लागतात. रात्री साइट अडकायची, भरलेले वीस फॉर्म गायब. तरी पाचव्या दिवशी 500 पूर्ण केले. त्यांचा निकाल आला : अचूकता 71 टक्के, क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी, फेल.

आणि मला ते खरं वाटलं! 'ई'मुळेच झालं असणार. म्हणजे चूक माझी. या लोकांची सगळी मेख इथे आहे. ते तुम्हाला लोभी बनवत नाहीत, गुन्हेगार बनवतात. कोणीही असो, निकाल नापासच लागणार असतो. तपासणारंही कोणी नसतं.

"करारानुसार सर्व्हिस चार्ज 5,000, अधिक 18 टक्के जीएसटी." 5,900. सातवीतल्या दोन मुलांच्या शिकवणीचे साठवलेले पैसे होते, ते गेले. दोन दिवसांनी वकिलाच्या नावाने पीडीएफ, वर अशोकस्तंभ, "सूरत हायकोर्ट" असा शिक्का आणि भारतीय दंड संहिता कलम 420. सूरतला हायकोर्टच नाही, गुजरातचं उच्च न्यायालय अहमदाबादला आहे! आमच्या मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे एम.जी. रोडवर आहे, मी सिटी बसमधून त्याच्यासमोरून जाते. आणि दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता 318. हे सगळं मला माहीत होतं. पण "उद्या दुपारी पोलीस तुमच्या रामबागेतल्या पत्त्यावर येतील" हे वाक्य कानात गेलं की डोकं चालत नाही. रामबागेत पोलिसाची गाडी थांबली तर कोपऱ्यावरच्या जोशीकाकूंपासून गणपती मंडळापर्यंत बातमी पोचायला पाच मिनिटं पुरतात.

"केस मागे घेण्याचे" 7,000 अधिक जीएसटी, 8,260. हे बाबांनी परीक्षेच्या फॉर्मसाठी दिलेल्या पैशातून. "एनओसी"चे 3,000 अधिक जीएसटी, 3,540. हे मैत्रिणीकडून उसने. बेरीज करून बघा : 15,000 आणि वर 18 टक्के. जेवढे मिळणार होते बरोबर तेवढेच दिले, वर कर भरून. आणि करार मोडल्याच्या नुकसानभरपाईवर जीएसटी लागत नाही, हे ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात आहे. सरांनी वर्गात सांगितलं होतं, माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे.

त्याहून जास्त झोंबतं ते कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं. 1872 चा कायदा, कलम 72 : दबावाखाली दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत. पहिल्या वर्षाला पाठ केलं होतं.

चौथ्यांदा 11,800 मागितले, तेव्हा उसने मागायला कोणी उरलं नव्हतं म्हणून आत्याकडे गेले. आत्याने पीडीएफ पाहिली आणि एकच विचारलं, "अगं, कोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर कधीपासून नोटिसा पाठवायला लागलं, तेही यूपीआयच्या क्यूआरसकट?"

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पहिला व्यवहार होऊन अकरा दिवस झाले होते. तुम्ही पहिल्या तासात करा. शरमेने एक दिवसही घालवू नका, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, आधी कागदावर उतरवून ठेवा, तो नसला की पुढचं सगळं अडतं.

आता ठाण्याची कथा. बाबांबरोबर गेले. अर्ज मराठमोळ्या हिंदीत लिहिला होता, तो परत दिला, कारण वर "श्रीमान थाना प्रभारी महोदय" नव्हतं. दुसरा लिहिला. मग म्हणाले सायबरवाल्यांकडे जा. तिथले म्हणाले, रक्कम छोटी आहे, ठाण्यातच द्या. परत ठाणं. "बेटा, पैसे तो तुमने खुद भेजे हैं ना?" आणि नोटिशीवर सूरत आहे म्हणून "मामला सूरत का है". त्या खोट्या नोटिशीवर माझ्यानंतर विश्वास ठेवणारे ते दुसरे! नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, असं मी म्हटलं. उत्तर आलं, "हमको कानून मत सिखाओ." बाबांनी माझा हात धरून बाहेर आणलं. चार चकरा झाल्या, पोचपावती एकीचीही नाही.

बँकेत वेगळीच तऱ्हा. ग्राहकाने न केलेला व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला तर भरपाईचा नियम आहे, पण तुम्ही स्वतः पिन टाकलात, म्हणून तो लागू नाही. हे बरोबरच आहे, पण सांगताना त्या बाईंनी संगणकावरून नजरसुद्धा वर केली नाही. फसवणाऱ्यांच्या खात्यात 214 रुपये सापडले, ते गोठवलेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाल्या. खऱ्या कोर्टाचा.

कोणी केस नंबर तोंडावर फेकला तर सोळा अक्षर-अंकी सीएनआर, म्हणजे कोर्टात प्रत्येक खटल्याला मिळणारा नंबर, मागा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून बघा. मी परवा "वकील साहेबां"ना मागितला, फोन कापला. कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो कोणालाही देऊ नका. आधार दिलंच असेल तर बायोमेट्रिक लॉक करा, आजच. काम मिळवताना करार, दंड, अचूकतेची अट असं काही आलं की बारा पावलं चालून बाहेरच्या खोलीत जा.

आणि आत्ता कोणी पाचव्या रात्री साइट अडकल्यामुळे रडत बसलं असेल, तर तुझा कीबोर्ड ठीक आहे. पैसे भरू नकोस. घरी पोलीस येणार नाहीत. मी चार वेळा ठाण्यात जाऊन आले, बोलावूनही येत नाहीत.