डेरिक : म्युनिकच्या खुनांचा तपास, डीव्हीडी सेट बघून झाल्यावर

अमेरिकेतल्या भाच्याने दिवाळीला येताना डेरिकच्या डीव्हीडी आणल्या, इंग्रजी सबटायटलवाल्या, आणि तेव्हापासून आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की एक एपिसोड ठरलेलाच. सातपूरला तीस वर्षं जर्मन मशीनवर काम केलंय त्यामुळे पाट्यांवरचे चार शब्द येतात, बाकी सगळा भरवसा सबटायटलवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही जर्मनीतल्या झेडडीएफ चॅनलची सिरियल, १९७४ ते १९९८, एकूण २८१ एपिसोड, एकेक साधारण तासाभराचा, आणि सगळेच्या सगळे एकाच माणसाने लिहिलेत, हर्बर्ट राइनेकर. डेरिक म्हणजे म्युनिकचा पोलीस इन्स्पेक्टर, तो झालाय होर्स्ट टापर्ट, उंच, डोळ्यांखाली पिशव्या, आवाज कधी चढवत नाही. जोडीला त्याचा मदतनीस हॅरी क्लाइन म्हणजे फ्रिट्झ वेपर.

आता तपासाबद्दल, कारण मला लिहायचंय ते त्याचबद्दल. आपल्याला सवय अशी की प्रेत सापडलं की लॅब, मग पाठलाग, मग कानाखाली, मग कबुली. इथं तसलं जवळजवळ नाहीच. सुरुवातीच्या बऱ्याच एपिसोडमधे तर खून कोणी केला ते आपल्याला आधीच दाखवून टाकतात, पहिलाच एपिसोड, वाल्डवेग म्हणजे जंगलातली वाट, त्यात एका विद्यार्थिनीचा खून होतो आणि आपल्याला माणूस माहीत असतो पण डेरिकला नसतो. मग तो करतो काय तर त्या लोकांच्या घरी जातो. बसतो. एखादा प्रश्न विचारतो आणि गप्प राहतो, समोरच्याला ती शांतता सहन होत नाही मग तोच बोलायला लागतो. परत दुसऱ्या दिवशी दारात हजर, परत तिसऱ्या दिवशी. शेवटी माणूस पुराव्याने कमी आणि त्या येण्याजाण्यानेच जास्त खचतो.

आणि सगळ्यात भारी म्हणजे घरच्यांना खुनाची बातमी सांगायचे प्रसंग. बेल वाजते, दार उघडतं, दोन माणसं कोटात उभी, आणि आईच्या चेहऱ्यावर कळतं की तिला कळलंय. आमच्या गल्लीत फार वर्षांपूर्वी एक हवालदार असाच निरोप घेऊन आला होता, अपघाताचा होता तो, त्याने आधी प्यायला पाणी मागितलं, सगळं पाणी प्यायला आणि मग बोलला, ते पाणी त्याने का मागितलं ते मला हे एपिसोड बघताना समजलं. ही म्हणाली बंद कर जरा, तेव्हा पाच मिनिटं बंद करून बसलो होतो.

हॅरीला मात्र फार कमी काम दिलंय. 'हॅरी, गाडी काढ' हे डेरिकचं वाक्य म्हणून जर्मनीत प्रसिद्ध आहे, गंमत म्हणजे लोक म्हणतात त्या शब्दांत ते सिरियलमधे कधीच येत नाही म्हणे, पण हॅरीची अवस्था त्यातून बरोबर कळते. बायकांची कामंही बऱ्याचदा रडण्यापुरतीच. आणि नव्वदनंतरचे एपिसोड मला जड गेले, डेरिक प्रवचन देत सुटतो, तपास बाजूलाच राहतो. सबटायटल पांढऱ्या अक्षरात आहेत, बर्फाचा सीन आला की वाचताच येत नाहीत.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. टापर्ट दुसऱ्या महायुद्धात वाफेन एसएसमधे, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलात होता हे २०१३ साली बाहेर आलं, तो वारल्यानंतर. जिवंतपणी त्याने हे लपवलंच होतं, आणि झेडडीएफने मग रिपीट दाखवणं थांबवलं. मला हे अर्धा सेट बघून झाल्यावर कळलं आणि पुढचे दोन दिवस डीव्हीडी लावावीशीच वाटली नाही, कारण ज्या माणसासमोर दुसरे लोक खरं बोलून मोकळे होतात तोच चेहरा आहे हा. परत लावली ती राइनेकरच्या लिखाणासाठी. पण आता तो गप्प बसून समोरच्याकडे बघतो ना, तेव्हा मी त्याच्याचकडे बघत बसतो.

घ्यायचा असेल तर सत्तरच्या दशकातल्या एपिसोडचा सेट घ्या, नव्वदचा नको, आणि सलग दोन बघू नका, रात्री झोप लागत नाही.