चौकोनी कानशीच्या नावाखाली माझे १५,७०९ रुपये गेले

दोन महिने लाजेपायी चौकी-बँक सोडली तर घराबाहेर कुणाजवळ बोललो नाही. परवा सिमरोलकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने विचारलं, "चेनसॉला हाताने फॅक्टरीसारखी धार लावायला शिकवतात म्हणे, फी भरू का?" माझं डोकंच फिरलं. त्याला थांबवलं आणि आता तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय.

मी हौसेपायी पैसे उडवले नाहीत, हे आधी सांगतो. इंदूरजवळ महूच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे, बांधावर वाळलेल्या बाभळी आहेत. धार गेली की चेनसॉची, म्हणजे मशीनवर चालणाऱ्या करवतीची, दातेरी चेन दुकानात द्यायची. दुकानदार ग्राइंडरवर धरायचा, १०० रुपये घ्यायचा आणि दात निळे करून परत द्यायचा. दात निळा पडला म्हणजे तापून त्याचं पाणी उतरलं, तो मऊ पडला, मग ती धार दोन ओंडकेही टिकत नाही. हाताने शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यात कळलं की अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठी झाडं पाडणारे आणि लाकूड कापायच्या शर्यतीतले लोक गोल कानस सोडून चौकोनी धार लावतात. दाताचा माथा आणि बाजू जिथे मिळतात, तिथे गोल खोबणीऐवजी दोन सपाट उतार येतात आणि चेन लाकडात भराभर उतरते. यात खोटं काही नाही. म्हणून तर ही धार शिकवतो म्हणणाऱ्या ऑनलाइन कोर्समध्ये मी अडकलो.

कोर्सची फी १,९९९. तीन 'इम्पोर्टेड' कानशी आणि शिकंजा मिळून ४,८५०. मग पार्सल अडकलं म्हणून 'कस्टम ड्यूटी' २,३६०. शेवटी 'ट्रेनर सर्टिफिकेट'साठी परत मिळणारी ठेव ६,५००. सगळे पैसे यूपीआयने, आणि ड्यूटीचे तर एका बाईच्या नावावरच्या खात्यात. सरकारची ड्यूटी कुणाच्या खाजगी नंबरवर भरायची नसते. कुरिअरवाला मागत असेल तर त्याच्याकडून पावती घ्या, नाहीतर पार्सल जाऊ द्या.

पण जिवाला लागलंय ते दुसऱ्या दिवशीच्या क्लासचं. संध्याकाळी फोन टेबलावर उभा करून बसलो होतो. स्क्रीनवर 'सर' चेनवर कानस चालवत होते, पुढे-मागे, पुढे-मागे, करवत चालवावी तशी. बाबा मागे चहा घेऊन उभे होते. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडेपर्यंत ते तिथे फिटर होते, जन्म कानशीवर गेला. ते म्हणाले, "अरे, हा माणूस कानस ओढतोय. कानस ढकलताना कापते. ओढताना उचलायची असते, नाहीतर तिचेच दात मरतात." आणि मी त्यांना म्हणालो, "बाबा, ही नवीन पद्धत आहे, तुम्हाला नाही कळायची." ते काही बोलले नाहीत, कप घेऊन आत गेले. थोड्या वेळाने मी सरांना कोपरा बाजूने जवळून दाखवायला सांगितलं, तर लगेच नेटवर्क गेलं. पुन्हा जोडल्यावर कॅमेरा वरूनच. चौकोनी धारेचा सगळा खेळ त्या कोपऱ्यात असतो. कानशीची कड केसभर वर-खाली झाली तरी दात बिघडतो. तोच कोपरा जो दाखवत नाही, त्याला काय येत असणार? तेव्हा फक्त १,९९९ गेले होते. तिथेच थांबायला हवं होतं.

पार्सल आलं. इंदूरच्या सियागंज बाजारात कुठेही मिळते तशी साधी चौकोनी कानस, वर काळा रंग मारलेला. दातावर ठेवून ढकलली तर पकडच घेईना, काचेवरून नखं फिरवल्यासारखा आवाज करत दातावरच्या क्रोमच्या कडक थरावरून घसरली. नंतर कळलं की या धारेची खरी कानस चौकोनी नसतेच. ती सहा बाजूंची, तीन बाजूंची, नाहीतर दोन्ही कडा तिरक्या केलेली असते. नावावर जाऊ नका, विकत घेण्याआधी कानशीच्या टोकाचा फोटो मागा.

मग तक्रार. चौकीत पहिलं वाक्य, "क्लास तो हुई ना आपकी? फिर ठगी कैसी?" अर्ज हिंदीत लिहिला, कानशीचा हिंदी शब्द 'रेती' लिहिला, तर विचारतात वाळूची ट्रॉली किती ब्रासची होती! मी कानस काढून टेबलावर ठेवली, तर म्हणे हत्यार आत का आणलं. तीन खेपा झाल्या, प्रत्येक वेळी साहेब बाहेर. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर विक्रेत्याचा पत्ता आणा म्हणाले. पत्ता माझ्याकडे असता तर मीच जाऊन उभा राहिलो नसतो का? शिकलेला माणूस फसला की याच लोकांच्या चेहऱ्यावर हसू येतं, आणि चोर मोकळा फिरतो.

माझं एक चुकलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो नऊ दिवसांनी, लाज वाटली म्हणून. पैसे पुढे सरकायच्या आत समोरचं खातं गोठवता यावं, यासाठीच तो नंबर आहे. तुम्ही त्याच तासात लावा.

आणि बाभळीसाठी चौकोनी धार हवीच कशाला? धुळीने भरलेल्या सालीत ती लवकर मरते. माझ्या ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांच्या मापाच्या) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस पुरते. कानस ३० अंशात तिरकी, प्रत्येक दाताला सारखे हात, आणि गेज, म्हणजे दात किती खोल कापेल ते ठरवणारा त्याच्या पुढचा उंचवटा, दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली आहे ना, ते मधूनमधून तपासायचं. बाबा रोज अर्धा तास शेजारी बसून शिकवतात. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी एकदाही काढलेला नाही.

इंदूरमध्ये आणखी कुणाचे पैसे असे गेले असतील तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. सोमवारी मी चौथ्यांदा चौकीत जाणार आहे. सोबत या, एकट्याला ते बसवूनच ठेवतात.