आधी इंकस्केप, मग ब्लेंडर: रेषेपासून घनाकृतीपर्यंत नेणाऱ्या दोन मोफत साधनांचे परीक्षण

संगणकावर त्रिमितीय आकृती घडवायला शिकू पाहणारे बहुतेक जण थेट ब्लेंडर हे त्रिमितीय आकृत्या घडवण्याचे सॉफ्टवेअर उघडतात आणि पडद्यावरच्या करड्या घनापाशीच अडकतात. माझे स्पष्ट मत असे आहे की आधी इंकस्केप हे सपाट रेषाचित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर नीट शिकावे आणि मगच ब्लेंडरकडे वळावे. ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतात. या क्रमाने ती हाताळली, तर सपाट रेषेतून घनाकृती कशी उभी राहते हे शिकणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर समजत जाते. हे परीक्षण इंकस्केप १.४ आणि ब्लेंडर ४.२ या आवृत्त्यांचे आहे.

सोडिपोडी या सॉफ्टवेअरपासून २००३ मध्ये वेगळे झालेले इंकस्केप चित्रे एसव्हीजी या प्रमाणित स्वरूपात जतन करते आणि नवशिक्याच्या दृष्टीने हेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. एसव्हीजी फाइल म्हणजे मुळात वाचता येणारा मजकूर असतो. चित्र काढता काढता त्यातला एक्सएमएल एडिटर (फाइलमधला हा मजकूर दाखवणारी खिडकी) उघडला, की आपण काढलेले वळण ‘एम’, ‘सी’, ‘झेड’ अशा आज्ञा आणि त्यांच्या पुढचे आकडे यांच्या रूपात दिसते: एम म्हणजे येथून आरंभ करा, सी म्हणजे पुढच्या तीन बिंदूंच्या आधारे वक्र काढा, झेड म्हणजे आकृती बंद करा. एखादा नोड, म्हणजे रेषेवरचा बिंदू, सरकवला की आकडे बदलतात, आणि चित्र कितीही मोठे केले तरी त्याची कड का फाटत नाही, हे कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या वक्रांना ज्यांचे नाव मिळाले ते पिएर बेझिए रेनो या मोटार कंपनीत अभियंते होते, आणि त्यांच्याही आधी सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित स्वतंत्रपणे मांडले होते. दोघांनाही मोटारीच्या पत्र्याचे वळण आकड्यांत बांधायचे होते. म्हणजे आज आपण सपाट चित्रांसाठी वापरतो तो वक्र मुळात त्रिमितीच्याच गरजेतून जन्मला.

मराठी वाचकांना या जोडीची खरी परीक्षा देवनागरी अक्षरांवर घेता येईल. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट घेऊन इंकस्केपमध्ये ‘मूर्ती’ हा शब्द लिहिला, तर उकार, रफार आणि वेलांटी आपापल्या जागी बसतात. ब्लेंडरच्या स्वतःच्या मजकूर साधनात मात्र देवनागरीची अशी जुळणी होत नाही. रफार चढत नाही, जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर उमटते. त्यामुळे शब्द इंकस्केपमध्येच लिहून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ या आज्ञेने त्याच्या बाह्यरेषा करून घेणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो. येथे एक गोष्ट विसरू नये: फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षराच्या रेषेवर ती किंचित चढलेली असू शकते. म्हणून या आज्ञेने बनलेला अक्षरांचा गट सोडवून सर्व बाह्यरेषांवर ‘युनियन’ चालवावे आणि सलग शिरोरेषेची एकच आकृती करावी. ही पायरी गाळली, तर पुढे घनाकृतीत पृष्ठभाग एकमेकांत घुसतात आणि त्रिमितीय छपाईसाठी ती आकृती सदोष ठरते.

ही फाइल ब्लेंडरमध्ये आणल्यावर शब्द दिसतच नाही, असे वाटून अनेक जण गोंधळतात. तो असतोच; ब्लेंडर मीटरमध्ये मोजते, आणि कागदावरचे काही सेंटिमीटर त्याच्या दोन मीटरच्या घनाशेजारी ठिपक्याएवढे भरतात. आकार वाढवून ‘एक्स्ट्रूड’ने जाडी आणि ‘बेव्हल’ने कडांना गोलाई दिली, की शब्द उभा राहतो. त्यानंतर वक्राचे जाळ्यात, म्हणजे मेशमध्ये, रूपांतर करून पाहावे, कारण सपाट चित्र आणि त्रिमितीय आकृती यांतला मूळ फरक याच क्षणी कळतो. वक्र हे समीकरण असते, तर जाळे शिरोबिंदू, कडा आणि सपाट पृष्ठे यांचे बनते. वळण आता तुकड्यातुकड्यांनी साधलेले असते आणि ते तुकडे किती असावेत हे आपण रूपांतरापूर्वी ‘रेझोल्यूशन’च्या आकड्याने ठरवतो. तो आकडा मुळात १२ असतो. लहान अक्षरांना तो पुरतो, मोठ्या वळणांना वाढवावा लागतो. ब्लेंडरचा आवाका याहून कितीतरी मोठा आहे, आणि २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो जमवून ते मुक्त करून घेतले याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण पायाभूत शिक्षणासाठी एवढा भाग आधी पक्का व्हावा.

उणिवाही नोंदवायला हव्यात. इंकस्केप आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच काम करते, त्यामुळे लग्नपत्रिका किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ छापखान्यात देताना छपाईच्या चार रंगांत रूपांतर दुसरीकडे करावे लागते. डीटीपीचा व्यवसाय करणाऱ्यांना ही अडचण रोज जाणवेल. ब्लेंडरला किमान ८ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते, तर इंकस्केप जुन्या लॅपटॉपवरही चालते. ज्यांच्याकडे सध्या असाच संगणक आहे, त्यांनी निःशंकपणे तेथूनच आरंभ करावा.