काळी पडणारी स्क्रीन: छोट्या दुकानातील रिमोट सपोर्टचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरची २० तारीख होती. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याचा तो शेवटचा दिवस, आणि फोंड्यातील एका कापड दुकानाच्या संगणकावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नव्हते. मी पणजीतील माझ्या दुकानात बसून रिमोट जोडणीवर, म्हणजे तो संगणक माझ्या स्क्रीनवर उघडून, काम करत असताना जोडणी मध्येच तुटली आणि रिमोट सॉफ्टवेअरचा ‘हा परवाना या संगणकासाठी वैध नाही’ अशा अर्थाचा संदेश आला. आदल्या दिवशी मी माझ्या दुकानातील संगणकाची जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली होती, एवढाच काय तो बदल झाला होता. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असूनही त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचे उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या संध्याकाळी मी स्कूटर काढून फोंड्याला गेलो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास विवरणपत्र भरून झाले. पुढे वर्गणी थांबवण्यासाठी लिहिले, तेव्हा सूचना देण्याची मुदत उलटली असून पुढील वर्षाचे नूतनीकरण आपोआप झाले आहे, सबब बिल भरावे लागेल, असे कळवण्यात आले. ते बिल रद्द करून घेण्यात माझे तीन महिने गेले. नवीन सॉफ्टवेअर शोधायला मी बसलो तो या रागाने, आणि पुढची निवड बऱ्याच अंशी त्याच रागाने ठरली, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

माझे दुकान दोन माणसांचे आहे. महिन्याला पस्तीस-चाळीस कामे दूरवरून होतात आणि एका कामाचे आम्ही दोनशे ते तीनशे रुपये घेतो. प्रिंटर जोडून देणे किंवा पासवर्ड बदलणे यांसारखी लहानसहान कामे जुन्या गिऱ्हाइकांना फुकटच करून देतो. अशा धंद्यात वर्षाची मोठी वर्गणी परवडत नाही. प्रथम काही आठवडे विंडोजमध्येच मिळणाऱ्या क्विक असिस्टवर काम भागवले. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, गिऱ्हाइकाला काहीच लागत नाही. सहा अक्षरांचा कोड दहा मिनिटांत वापरायचा आणि काम सुरू. एकदाच्या कामासाठी मी आजही तेच सुचवीन. मात्र समोर कोणीतरी बसलेले असावे लागते, आणि माझे एक गिऱ्हाईक असलेल्या देवस्थानच्या कार्यालयातील संगणकासमोर दुपारी एकनंतर कोणीच नसते.

म्हणून मी रस्टडेस्क या रिमोट प्रोग्रामकडे वळलो. तो एजीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखाली मुक्त आहे आणि त्याचा सर्व्हर स्वतःच्या ताब्यात ठेवता येतो. मुंबईतील डेटा सेंटरमध्ये एक लहान व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, त्याचे महिन्याला पाचशे रुपयांच्या आत पडतात. सर्व्हरचे दोन भाग आहेत: एचबीबीएस हा दोन्ही बाजूंची गाठ घालून देतो, आणि थेट जोडणी जमली नाही तर एचबीबीआर हा स्वतःमधून माहिती वाहून नेतो. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत; टीसीपीचे २१११५ ते २१११७ आणि यूडीपीचा २१११६ हे पोर्ट, म्हणजे सर्व्हरची क्रमांक दिलेली दारे, उघडले की काम होते. यूडीपीचा विसरला तर तासभर डोके धरून बसावे लागते. गिऱ्हाइकाला सेटिंगमध्ये काही भरावे लागू नये म्हणून फाइलच्या नावातच सर्व्हरचा पत्ता आणि सार्वजनिक चावी (सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षरांची माळ) घालण्याची सोय आहे, आणि ती मला सर्वांत आवडली. तेथेच मी एक संपूर्ण रविवार घालवला. माझ्या चावीत एक तिरकी रेघ (/) आली होती आणि विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही. सर्व्हरवरील चावीच्या दोन्ही फाइली काढून सेवा पुन्हा सुरू केली की नवी चावी तयार होते. तिसऱ्या खेपेस रेघ नसलेली चावी मिळाली. हे काम गिऱ्हाइकांना फाइल पाठवण्यापूर्वीच करावे, कारण नंतर चावी बदलली तर प्रत्येकाकडे नवी फाइल पाठवावी लागते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पहिल्या दोन महिन्यांत मी सर्वाधिक वैतागलो तो काळ्या पडणाऱ्या स्क्रीनला. गिऱ्हाईक फाइल उघडते, जोडणी होते, सर्व सुरळीत चालते, आणि मी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला घेतला की माझ्याकडची स्क्रीन काळी होते. समोर ‘या प्रोग्रामला बदल करण्याची परवानगी द्यायची का’ असा प्रश्न आलेला असतो, तो मला दिसत नाही आणि माउसही चालत नाही. चोडणच्या एका शाळेतील कारकून ताई फोनवर विचारत, “दादा, हे काहीतरी विचारत आहे. होय म्हणू की नको म्हणू?” आणि मी न पाहिलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असे. मी सॉफ्टवेअर बदलून पाहिले, आवृत्ती बदलून पाहिली, क्विक असिस्टवरही तेच झाले. शेवटी हा कोणा एका सॉफ्टवेअरचा दोष नाही हे कळले. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, हा परवानगीचा प्रश्न एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर येतो. साध्या अधिकाराने चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला तो डेस्कटॉप पाहता येत नाही आणि त्यावर क्लिकही करता येत नाही, कारण तसे करता आले तर व्हायरसही स्वतःच ‘होय’ दाबून मोकळा होईल. रिमोटचा प्रोग्राम सेवा म्हणून (पार्श्वभूमीत सतत चालणारा) कायमचा बसवला, किंवा त्याला आधीच वरचे अधिकार दिले, तर तो तेथपर्यंत पोहोचतो.

कायमचे बसवायला बरेच गिऱ्हाईक तयार नसतात. म्हणून मी सोपा मार्ग काढला: हे परवानगीचे प्रश्न कधी आणि कसे विचारायचे ते ठरवणारी एक सरकती पट्टी विंडोजच्या नियंत्रण पॅनेलमध्ये असते, ती एक पायरी खाली ओढली की प्रश्न सामान्य डेस्कटॉपवर येतो आणि सुरक्षित डेस्कटॉपचा अडथळा जातो. सतरा गिऱ्हाइकांच्या संगणकांवर मी हे केले आणि डिसेंबरमध्ये मित्रांना तसा सल्लाही दिला. तो सल्ला मी येथे मागे घेतो. फेब्रुवारीत वाळपईच्या एका काजू व्यापाऱ्याला बँकेच्या नावाने फोन आला. बोलणाऱ्याने त्याच्याकडून स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम उतरवून घेतला आणि मग ‘आता काही दाबू नका, मी करतो’ असे सांगितले. व्यापाऱ्याचा मुलगा शेजारी होता, त्याने इंटरनेटची तार ओढली आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला, म्हणून पैसे वाचले. तो संगणक त्या सतरांपैकी एक होता. समोरच्याने काही बसवायचे ठरवले असते, तर मी खाली ओढलेल्या पट्टीमुळे त्याला एक अडथळा कमी लागला असता. पुढच्या आठवड्यात मी सतराही संगणकांवर पट्टी पूर्ववत केली. त्यांपैकी चार ठिकाणी स्वतः जाऊन, फुकट.

रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच अशा रिमोट ॲपमधून यूपीआयची फसवणूक होते असा इशारा दिला होता आणि त्यात एनीडेस्क या ॲपचे नाव घेतले होते. ॲप वाईट होते असे नव्हे, ते कोणाच्या हाती दिले यावर सर्व अवलंबून होते. आपण दुकानदार मात्र गिऱ्हाइकाला तीच सवय लावत असतो: फोन आला, फाइल उतरवा, आकडे वाचून दाखवा, समोरचा म्हणेल ते मान्य करा. म्हणून मी आता माझी पद्धत बदलली आहे. देवस्थानचा संगणक सोडला तर पासवर्ड बंद ठेवतो आणि रस्टडेस्कमध्ये गिऱ्हाइकाने स्वतः ‘स्वीकार’ दाबल्यावरच जोडणी होईल अशी सोय ठेवतो. परवानगीचा प्रश्न आला की माझी स्क्रीन काळी होऊ देतो, गिऱ्हाइकाला त्यातील प्रोग्रामचे आणि प्रकाशकाचे (तो बनवणाऱ्या कंपनीचे) नाव मोठ्याने वाचायला सांगतो आणि मगच दाबायला सांगतो. यात कामामागे दोन-तीन मिनिटे जातात. काळ्या पडणाऱ्या ज्या स्क्रीनला जानेवारीत मी पाचपैकी एकच तारा दिला असता, तिच्यासाठीच आज मी इतरांना थांबा, पट्टी हलवू नका, असे सांगत आहे.

आकडे वाचून घेण्याचीही एक युक्ती लिहून ठेवतो. जोडणीसाठी गिऱ्हाइकाने वाचून दाखवायचा त्याच्या संगणकाचा आयडी बहुधा नऊ आकडी असतो, आणि वयस्क माणसे तो जोड्यांनी वाचतात. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद फोनवर हमखास चुकतात. एकेक आकडा सुटा वाचायला सांगावा, आणि तो आपण पुन्हा वाचून दाखवावा.

वेगाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फायबर असेल तेथे थेट जोडणी जमते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोबाइल कंपन्यांच्या सामायिक इंटरनेट पत्त्यांमुळे बहुतेक वेळा एचबीबीआरमधून जावे लागते, आणि चित्राचा दर्जा एक पायरी उतरवला की टॅलीचे काम निभावते. पावसात वीज गेली की मात्र कोणतेच सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. देवस्थानच्या संगणकाला वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) लावून दिली आहे आणि तेथेच विश्वस्तांची लेखी संमती घेऊन प्रोग्राम सेवा म्हणून बसवला आहे. चवथीच्या आधी वर्गणीची पावती छापण्याची तेथे घाई असते, तेव्हा त्याची खरी परीक्षा होईल.

एक काम अजून मला जमलेले नाही. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन परवानग्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने द्याव्या लागतात, आणि फोनवरून त्या समजावण्यात माझी पंधरा मिनिटे जातात. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेतही साधारण तेवढीच मिनिटे मोडतात, आणि त्या शाळेने आता दोन मॅक घेतले आहेत. जूनमध्ये एकदा मी फेरीबोटीनेच गेलो, दोन्ही परवानग्या समोर बसून दिल्या, आणि ताईंनी दोन्ही मॅकचे नऊ आकडी आयडी कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवले.