वाल्कर आणि क्लाइस: जर्मन ऑर्गनची दोन घराणी

संगीत नाटकातला ऑर्गन डोळ्यांपुढे आणू नका. त्याच्यात पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पट्ट्या असतात. चर्चच्या ऑर्गनमध्ये हजारो नळ्या असतात.

असे ऑर्गन बांधणाऱ्या या दोन घराण्यांत वाल्कर जुनं. 1780 साली कान्श्टाटला सुरुवात झाली. पुढे संस्थापकाचा मुलगा एबरहार्ड फ्रीडरिश लुडविग्सबुर्गला गेला आणि 1833 मध्ये फ्रँकफुर्टच्या पाउल्सकिर्शे या चर्चमधल्या 74 स्टॉपच्या (स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाचा नळ्यांचा संच) ऑर्गनने त्याचं नाव झालं. त्याची खरी करामत वाऱ्याच्या पेटीत, म्हणजे नळ्या जिच्यावर उभ्या असतात आणि जिच्यातून त्यांना हवा मिळते त्या पेटीत. जुन्या पेटीत भोकं पाडलेली लाकडी पट्टी सरकायची, आणि दमट हवेत फुगून अडकायची. वाल्करने प्रत्येक नळीखाली शंकूच्या आकाराची स्वतंत्र झडप बसवली.

क्लाइस 1882 चे, बॉनचे. चार पिढ्या एकाच शहरात. कल्पकतेत वाल्कर सरस, पण माझं वाद्य दुरुस्तीला द्यायचं तर मी क्लाइसकडेच नेईन. कारण फिलिपिन्समधल्या लास पिन्यासचा ऑर्गन. त्याच्या 1031 पैकी 902 नळ्या बांबूच्या! 1973 मध्ये तो बॉनला आला. तिथल्या हवेत बांबू तडकू नये म्हणून क्लाइसनी त्याच्यासाठी फिलिपिन्ससारखी उष्ण, दमट हवा राखलेली खोली केली. 1975 मध्ये तो सुखरूप घरी परतला.